माथ्यावरचा साक्षीदार

शास्त्रवाचन : इब्री १२:१-३, उपदेशक ४:९-१२, १ शमुवेल १४:१-१४



आमच्या मंडळीत एक तरुण आहे. 'आहे' असे म्हणतो, कारण सभासदांच्या वहीत त्याचे नाव अजून आहे. बाकावर मात्र तो गेली चार वर्षे दिसलेला नाही. रविवारी सकाळी आपण उपासनेच्या तयारीत असतो तेव्हा तो येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे धावत गेलेला असतो. डांबरी रस्ता सोडून, बांधाबांधाने, पाऊलवाटेने, पावसाळ्यात चिखल तुडवीत तो गडावर चढतो, पुन्हा उतरतो, दुसऱ्या वाटेने पुन्हा चढतो. आणि आपला शेवटचा आशीर्वाद होतो त्या सुमारास घरी पोहोचतो. पंचांच्या सभेत हा विषय निघाला. "पाळकसाहेब, तुम्ही त्याला समज द्या," असे ठरले, आणि एका सायंकाळी मी त्याच्या घरी गेलो.

जाताना एक गोष्ट तयार ठेवली होती. रविवारशाळेच्या शिक्षकांना ती पाठ असेल. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूने शंभर मीटरच्या शर्यतीतून माघार घेतली, कारण तिची पहिली फेरी रविवारी होती. त्याने चारशे मीटरची शर्यत धरली आणि तिच्यात सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला. प्रभूच्या दिवसाचा मान कसा राखावा हे सांगण्यास याहून चांगला दाखला कोठे मिळणार?

त्या तरुणाने सर्व ऐकून घेतले. त्याच्या आईने चहा आणून ठेवला. गोष्ट संपल्यावर तो म्हणाला, "साहेब, ही गोष्ट मला लहानपणी तुम्हीच सांगितली होती." आवाजात उर्मटपणा नव्हता. थोडे थांबून त्याने विचारले, "मी तुम्हांला एक सांगू का?" आणि मग त्याने मला इंग्लंडातील एका डोंगरफेरीची हकीकत सांगितली. मी समज देण्यास गेलो होतो, आणि ती घेऊन परत आलो. पुढे त्या फेरीविषयी मिळेल ते मी वाचून काढले. तीच हकीकत आज आपणांपुढे ठेवतो.

इंग्लंडच्या वायव्य भागात सरोवरांचा एक डोंगराळ प्रदेश आहे. तेथील लोक आपल्या डोंगरांना 'फेल' म्हणतात आणि त्यांवरून धावण्याचा खेळ तेथे फार जुना आहे. उंची म्हणाल तर आपल्याकडील वाचकांस हसू येईल. त्या देशातील सर्वांत उंच शिखर स्केफेल पाइक हे ९७८ मीटरचे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. पण उंचीवरून डोंगराची परीक्षा करू नये. तेथे घटकेत ऊन तर घटकेत धुके, पायाखाली पाणथळ गवत, आणि उतारावर सुट्या दगडांचा घसारा. धुके उतरले की दहा पावलांवरची वाट दिसत नाही, आणि सोंड चुकली की माणूस भलत्याच दरीत उतरतो.

या प्रदेशाच्या उत्तरेस केझिक नावाचे लहानसे गाव आहे. आपल्या वडीलधाऱ्यांस हे नाव परके नाही. १८७५ पासून तेथे दर उन्हाळ्यात आध्यात्मिक सभा भरतात आणि अनेक मंडळ्यांचे लोक एकत्र येऊन देवाचे वचन ऐकतात. आपल्या पंडिता रमाबाई १८९८ साली त्या सभांना गेल्या होत्या आणि भारतातील ख्रिस्ती जनांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून प्रार्थना करण्याची विनंती त्यांनी तेथील जमावाला केली होती. मुक्ती सदनात १९०५ मध्ये जे जागरण झाले त्याचा इतिहास सांगताना जुनी माणसे या विनंतीची आठवण काढतात.

त्याच केझिकमध्ये बॉब ग्रॅहम नावाचा एक साधा गृहस्थ पाहुण्यांसाठी निवासगृह चालवीत असे. चाळिशी उलटलेली. १९३२ च्या जून महिन्यात, रात्री एक वाजता, तो गावच्या बाजारातील मूट हॉल या जुन्या सभागृहाच्या दारातून निघाला आणि चोवीस तासांच्या आत बेचाळीस डोंगरमाथे पायाखाली घालून त्याच दाराशी परत आला. वेळ लागला तेवीस तास एकोणचाळीस मिनिटे. पायांत टेनिसचे बूट, अंगात पायजम्याचा सदरा, खाण्यास लोणी लावलेली भाकर, अर्धवट उकडलेली अंडी, फळे आणि गोळ्या. आजचे धावपटू ज्या साहित्याचा संभार घेऊन निघतात तो पाहिला म्हणजे त्या सदऱ्याचे कौतुक वाटते. फेरीचे अंतर सुमारे १०६ किलोमीटर. आणि सगळ्या चढांची बेरीज केली तर सुमारे ८,२०० मीटर, म्हणजे समुद्रकाठापासून एव्हरेस्टच्या माथ्याजवळ जाण्याइतका चढ. आधीच्या वर्षी त्याचा प्रयत्न फसला होता. या फेरीची बरोबरी कोणी करावी यास पुढे अठ्ठावीस वर्षे लागली. १९६० साली ॲलन हीटन याने ती केली. १९७१ मध्ये ही फेरी पुरी करणाऱ्यांचे एक मंडळ निघाले आणि आजवर दोन हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची नावे त्याच्या यादीत चढली आहेत.

आता तो नियम ऐका, ज्यासाठी ही सर्व प्रस्तावना केली.

त्या मंडळाच्या यादीत नाव चढण्यासाठी चोवीस तासांत फेरी पुरी करणे पुरेसे नाही. बेचाळीस माथ्यांपैकी प्रत्येक माथ्यावर धावणाऱ्याबरोबर निदान एक सोबती हजर असला पाहिजे, आणि तो माथा त्याने गाठला याची साक्ष त्या सोबत्याने दिली पाहिजे. कोणी पायाचा कितीही हलका असो, एकट्याने धावलेली फेरी त्या यादीत धरत नाहीत.

साक्षीदार म्हणजे खाली खुर्ची टाकून दुर्बिणीने पाहणारा नव्हे, हे आपल्या लक्षात आले असेल. माथ्यावर साक्ष द्यावयाची तर माथ्यावर जावे लागते. त्याच चढाने, त्याच धुक्यातून, त्याच घसाऱ्यावरून. रात्री कंदील पुढे धरून हा सोबती वाट शोधतो. धावणाऱ्याचे पाणी, अन्न, कोरडे कपडे आपल्या पाठीवर घेतो. तो खाण्याचा कंटाळा करू लागला तर त्याला खायला लावतो. आणि माथा आला की घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवतो. थंडीने बोटे आखडलेली असताना कागदावर चार अंक लिहिणे हेही त्याचेच काम.

बंधुभगिनींनो, मी त्या रात्री घरी येऊन इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय उघडला. किती वेळा त्यावर उपदेश केला असेन! दर वेळी मी आपणांस एक मैदान दाखविले. मध्ये धावपट्टी, तिच्यावर आपण धावणारे, आणि सभोवार पायऱ्यापायऱ्यांच्या आसनांवर बसलेले जुन्या करारातील संत टाळ्या वाजवीत आहेत. चित्र चांगले आहे, पण अपुरे आहे. लेखकाने ज्यांस साक्षीदार म्हटले ते प्रेक्षक नव्हेत. मूळ ग्रीक शब्द 'मार्तुस' हा आहे. त्याचा अर्थ स्वतः अनुभवलेल्या गोष्टीविषयी ग्वाही देणारा, आणि ज्यांनी अशी ग्वाही देताना प्राण दिला त्यांनाही पुढे हेच नाव पडले. अकरावा अध्याय वाचून पाहा. कोठे जावयाचे हे ठाऊक नसता अब्राहाम निघाला. सारा प्रथम हसली, आणि मग विश्वासाने तिला सामर्थ्य मिळाले. मोशेने राजवाडा सोडून आपल्या लोकांचे हाल पत्करले. राहाब तर नगराच्या तटाला लागून असलेल्या घरातली, जिच्याकडे कोणी मानाने पाहत नसे. यांतील एकही जण आसनावर बसलेला नाही. प्रत्येकाने एकेक टप्पा चालून दाखविला आहे. आणि त्या अध्यायाच्या शेवटच्या दोन वचनांत तर लेखक असे सांगतो की आपल्यावाचून त्यांनाही पूर्णता नाही. म्हणजे ते आपला टप्पा संपवून वाटेकडे डोळे लावून थांबले आहेत.

त्या फेरीचे पाच टप्पे आहेत. डोंगरांच्या रांगा जेथे तुटतात तेथे खिंडीत किंवा दरीत मोटारीचा रस्ता आडवा येतो. थ्रेलकेल्ड, डनमेल रेझ, वॉसडेल, हॉनिस्टर अशी या चार ठिकाणांची नावे. तेथे दमलेले सोबती थांबतात आणि ताजे सोबती पुढे होतात. पहिले सोबती दुसऱ्यांच्या हाती वेळेचा कागद देतात. याने काय खाल्ले, कोठे घसरला, कोणता गुडघा दुखतो आहे, हे सांगतात. धावणारा मात्र तोच असतो. धुके असो, मध्यरात्र असो, त्या रस्त्याच्या कडेला नवे सोबती वाट पाहत उभे असले पाहिजेत. ते नसले तर धावणाऱ्याची पावले कितीही बळकट असली तरी पुढच्या माथ्यावर साक्षीला कोणीच नाही.

हे वाचून मी रविवारशाळेच्या जुन्या वह्या काढल्या. त्या तरुणाचे नाव पाचव्या वर्षापासून सापडले. वर्षामागून वर्ष हजेरीच्या खुणा. वचने पाठ केल्याबद्दल दोन वेळा बक्षीस. त्याच्या वर्गाच्या ताईंनी समासात पेन्सिलीने लिहिले आहे : 'वडील वारल्यापासून गप्प असतो, लक्ष ठेवणे.' मग पंधराव्या वर्षी त्याच्या नावावर लाल शाईची आडवी रेघ, आणि शेरा : 'वय पूर्ण.' त्याखाली सही. सही माझी आहे.

ताईंनी आपला टप्पा नेला. पाठीवर ओझे घेऊन, घसाऱ्यावरून, आपल्या परीने उत्तम नेला. त्यांनी समासात जे लिहिले तो हाती द्यावयाचा कागदच होता. रस्त्याच्या कडेला तो कागद घेण्यास कोणी उभे नव्हते. तरुण संघ त्या वर्षी बंद पडलेला होता. मी इमारतीच्या दुरुस्तीच्या वर्गणीत गुंतलो होतो. तो मुलगा काही वर्षे सवयीने येत राहिला, मागच्या बाकावर बसला, आणि मग येईनासा झाला. आणि तो एकटा डोंगरात धावतो म्हणून आम्ही पंचांच्या सभेत ठराव केला!

शिक्षकहो, आपल्या वहीतही असे शेरे असतील. 'गाव सोडले.' 'कॉलेजात गेली.' 'लग्न होऊन गुलबर्ग्यास.' 'इंदूरला नोकरी.' ही सर्व रस्त्याची ठिकाणे आहेत. आपली मराठी मंडळी बेळगाव, हैदराबाद, बडोदे, ग्वाल्हेर अशी दूरदूर विखुरलेली. एका मंडळीतून दुसरीकडे जाताना मुले हातांतून निसटतात ती नेमकी येथेच. दाखल्याचे पत्र आपण देतो, पण त्या गावच्या पाळकास किंवा एखाद्या कुटुंबास चार ओळी खाजगी लिहितो का, की हिला गाण्याची आवड आहे, हिची आई आजारी असते, हिला पहिल्या रविवारी घरी जेवायला बोलवा?

आता ओझ्याविषयी. इब्री पत्राचा लेखक सांगतो की धावावयाचे तर अंगावरचा भार आणि पायांत सहज घोटाळणारे पाप टाकून द्यावे. या वचनाचा आधार घेऊन काही तरुण मला म्हणतात की मंडळी, उपासना, नियम हाच तो भार. तो टाकला की मोकळे धावता येते. याचे उत्तर देण्यासाठी एक दुःखद घटना सांगणे भाग आहे.

२२ मे २०२१ रोजी चीनमधील गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची एक डोंगरशर्यत झाली. १७२ जण निघाले. सकाळीच जोराचा वारा होता. दुपारी उंचावर गारा, बर्फासारखा पाऊस आणि वादळ यांनी त्यांना गाठले. वारा अडविणारे जाकीट जवळ बाळगणे त्या शर्यतीत सक्तीचे नव्हते. भार हलका ठेवावा म्हणून अनेकांच्या अंगावर तोकडे पातळ कपडेच होते. एकवीस जण थंडीने गारठून मरण पावले. त्यांत त्या देशातील नामवंत धावपटू होते, सर्वांत पुढे धावणारे. त्यांच्या घरच्यांचे दुःख आठवून हे मी जपून लिहितो; मेलेल्यांस दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. पण शिकावयाचे ते शिकले पाहिजे. प्रत्येक वजन हे टाकावयाचे ओझे नसते. मैदानावर जे जाकीट जड वाटते तेच माथ्यावर प्राण राखते. पौलाने रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अंधाराची कामे टाकून द्यावयास सांगितली आणि लगेच प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करावयास सांगितले. टाकणे आणि परिधान करणे या दोन आज्ञा तेथे जोडीने आल्या आहेत, आणि कोणती वस्तू कोणत्या आज्ञेखाली येते हे ओळखण्यास वयाने मोठा सोबती जवळ लागतो.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट सर्व जगाने ऐकली. झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ तेथे मेंढरे चारीत होता. वादळ आले तसा तो डोंगरातल्या एका गुहेत शिरला. अडीअडचणीला असावे म्हणून त्याने तेथे कपडे आणि पांघरूण ठेवलेले होते. बाहेर पाहतो तो एक धावपटू जागच्या जागी उभा, हलत नाही. त्याने त्याला आत आणले, हातपाय चोळले, विस्तव पेटविला, पांघरुणात गुंडाळले. मग आणखी काही जण आश्रयाला आले. बाहेर कोणी अडकले आहेत असे कळल्यावर तो पुन्हा वादळात गेला. त्या दिवशी त्याच्यामुळे सहा जणांचे प्राण वाचले, तीन पुरुष आणि तीन स्त्रिया. तो धावपटू नव्हता. पण त्याला तो डोंगर ठाऊक होता, आणि आपले पांघरूण कोणासाठी वापरावे याचा त्याने विचार केला नाही. मेंढपाळ हा शब्द आपल्या कानांना किती सवयीचा झाला आहे! आम्हांस पाळक म्हणतात ते त्यावरूनच. त्या गुहेची हकीकत वाचल्यापासून माझ्या नावामागे तो शब्द लावताना मला अवघडल्यासारखे होते.

उपदेशकाच्या चौथ्या अध्यायातील शलमोनाचे बोल आपण बहुधा लग्नप्रसंगी वाचतो. मूळ ते वाटेवरच्या माणसांविषयी आहेत : एक पडला तर दुसरा उचलतो, आणि एकटा पडला तर त्याला उचलणारा नाही, दोघे निजले तर ऊब राहते, एकट्याला ऊब कोठून? हे थंडीचे, रात्रीचे, दगडांच्या वाटेचे वर्णन आहे.

सोबत्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर आपण नको तेथे उत्साह दाखवू. त्या फेरीत सोबती सगळे सामान वाहतो, पण धावणाऱ्याला खांद्यावर घेऊन एक पाऊलही नेत नाही. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहावयास सांगतो आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाला स्वतःचा भार वाहावाच लागेल असेही सांगतो. वाचकांस यात विसंगती वाटते. डोंगरात धावणाऱ्याला वाटणार नाही. पाठपिशवी दुसऱ्याला देता येते; पाय देता येत नाहीत. आपल्या मुलांचा विश्वास आपण त्यांच्या वतीने धरू शकत नाही, आणि धरावयास गेलो की ती आपला हात झटकून दूर पळतात. आईबापांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आणि एक जागा अशी येते की तेथे बरोबर चालणाऱ्या सोबत्याचाही उपाय चालत नाही. स्केफेल पाइक आणि स्केफेल या दोन शिखरांच्या मध्ये ब्रॉड स्टँड नावाचा उभा खडक आहे. लांबून वळसा घातला तर वेळ जातो; खडक चढावा तर दमलेल्या पायांचा भरवसा नाही, आणि तेथे माणसे पडून जखमी झालेली आहेत. म्हणून पुष्कळ वेळा आधीच कोणी पुढे जाऊन वर भक्कम जागी दोर बांधून ठेवतो. धावणारा खाली पोहोचतो तेव्हा दोर लोंबत असतो.

योनाथान आणि त्याचा शस्त्रवाहक यांची गोष्ट आठवा. मिखमाशच्या घाटात बोसेस आणि सेने असे दोन सुळके होते. योनाथान हातापायांवर रांगत वर चढला आणि त्याचा तो तरुण सेवक त्याच्या मागोमाग. त्या सेवकाचे नाव शास्त्रात दिलेले नाही. तुमचे मन जिकडे तिकडे मी आहेच, अशा अर्थाचे तो बोलला आणि खडकाला हात घातला. पुढे जाणारा पुढे गेला म्हणून मागच्याला जाता आले.

इब्री पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी येशूला एक नाव दिले आहे, जे नव्या करारात दुसऱ्या कोठेही त्याला दिलेले नाही. आपल्यासाठी आधी आत गेलेला, पुढे धावत गेलेला, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. आणि त्याच्या लगतच्याच वचनात नांगराचा दाखला आहे, पडद्याच्या आत पक्का रुतलेला. वर नांगर रुतलेला आहे आणि खाली आपल्या हाताशी दोर आहे. गेथशेमाने बागेत त्याने तिघांना जवळ जागे राहावयास सांगितले होते. ते झोपी गेले. तो खडक तो एकटा चढला. त्याच्या माथ्यावर साक्षीला कोणी उरले नाही. शिष्य पळाले, आणि त्या दुपारी अंधार पडला. म्हणून आता आपल्यांतील कोणीही तेथे एकटे चढत नाही. आमच्या ताई, मी, तुम्ही, आपण सारे सोबती. दोर बांधणारा तो.

या फेरीच्या इतिहासात दोन वृद्ध माणसे मला फार आवडतात. बिली ब्लँड याने १९८२ साली ती फेरी १३ तास ५३ मिनिटांत केली आणि तो विक्रम छत्तीस वर्षे टिकला. २०१८ साली किलियन जोर्ने हा स्पॅनिश धावपटू आला आणि त्याने १२ तास ५२ मिनिटांत फेरी संपविली. तो विक्रमही पुढे २०२२ मध्ये मोडला. पण किलियन त्या सायंकाळी मूट हॉलच्या दाराशी पोहोचला तेव्हा त्याचे अभिनंदन करण्यास बिली ब्लँड स्वतः तेथे उभा होता. आपले नाव मागे टाकणाऱ्याच्या स्वागताला जाणे! बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनेच्या काठी जे शिकला ते हेच. दुसरा जॉस नेलर, वॉसडेलच्या दरीतील मेंढ्या पाळणारा शेतकरी. तरुणपणी त्याच्या पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली होती. १९७५ साली त्याने चोवीस तासांच्या आत बहात्तर माथे गाठले, आणि सत्तरी गाठल्यावर सत्तर माथे. पुढे पन्नाशी उलटलेल्यांसाठी त्याने आपल्या नावाची एक वाट आखून दिली. तिचा शेवट त्याच्या घराजवळच्या ग्रीनडेल पुलाशी होतो. तेथे दमूनभागून येणाऱ्या माणसांना भेटायला तो पुलावर येऊन थांबत असे. २०२४ मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन तो वारला.

आणि लिडेल? मी त्या तरुणाला गोष्ट अर्धीच सांगितली होती. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लिडेलला वेईशियन येथील छावणीत कोंडले. तेथे आईबापांपासून तुटलेली पुष्कळ मुले होती. तो त्यांना शिकवी, त्यांचे खेळ घेई. मुले त्याला एरिककाका म्हणत. रविवारी मात्र तो खेळ घेत नसे. एका रविवारी मुलांनी आपापसांत हॉकीचा सामना मांडला, पंच कोणी नव्हता, आणि शेवट मारामारीत झाला. पुढच्या रविवारी लिडेल शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिला. सुवर्णपदकासाठी जो रविवारी धावला नाही तो मुलांसाठी रविवारी मैदानात गेला. १९४५ च्या फेब्रुवारीत, सुटका होण्याआधी, तो त्या छावणीतच मरण पावला. प्रभूचा दिवस त्याच्या मनातून उतरला होता असे मला वाटत नाही.

यावर आमच्या पंचांत मतभेद आहेत आणि मी ते लपवीत नाही. उपासना चुकविणे योग्य नाही, हे माझेही मत कायम आहे. पण समज देण्याचा ठराव आम्ही मागे घेतला.

त्यानंतरच्या रविवारी पहाटे मी आणि आमचे खजिनदार, वय वर्षे एकाहत्तर, रिक्षा करून राजहंसगडाला गेलो. खजिनदारांच्या गुडघ्यांना वरपर्यंत जाणे झेपले. मला वाटले होते त्यापेक्षा बरेच बरे झेपले. थर्मासमध्ये चहा होता. धुके होते. वाऱ्याने कानटोपी उडत होती. बऱ्याच वेळाने पावलांचा आवाज आला, आणि तो गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला वर येऊन आमच्यासमोर थबकला.

"काका, तुम्ही? इथे?"

खजिनदारांनी आधी घड्याळ पाहिले. खिशातून दानाचे रिकामे पाकीट काढले, त्यावर 'सहा वाजून बावन्न मिनिटे' असे लिहिले, खाली सही केली, आणि पाकीट त्याच्या हाती दिले. तो बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिला. चहा प्याला. उतरताना त्याने खजिनदारांचा हात धरला होता. पायथ्याशी आल्यावर विचारले, "साहेब, उपासना हल्ली किती वाजता असते?"

"साडेनऊला. बदललेली नाही."

त्या रविवारी तो आला नाही. पुढच्या शनिवारी रात्री खजिनदारांचा फोन आला : उद्या थर्मास मी भरू की तुम्ही?